पुढच्याच ओळीवर उडी

सर हजेरी घेताना जे वर्गात नसत त्यांचीच नावं घेत. वर्गात शिरायचे, खडू-डस्टर टेबलावर ठेवायचे, बाकांवरून एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "शिवलीला न्हाय. कसगीचा महेश न्हाय. खिडकीजवळचा तो उंच पोरगा न्हाय." संपली हजेरी. जे समोर बसलेत ते दिसतातच, त्यांना एकेक करून 'यस सर' म्हणायला लावण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. नसलेल्यांची नावं मात्र ते मोठ्यानं आणि सावकाश घेत. दुसऱ्या दिवशी ते पोर आलं की विचारत, काल का नव्हतास. उत्तर ऐकून घेत आणि शिकवायला लागत. रागवत कधी नसत. पण आपलं नाव रिकाम्या बाकाकडं बघून घेतलं गेलं, हे पोरांना मित्रांकडून कळायचं आणि कुठंतरी लागायचं. सरांचा तास बुडवायला पोरं कचरत.

उमरग्याच्या बाहेर, हायवेला लागून आमचं पॉलिटेक्निक होतं. हैदराबादकडं जाणारे ट्रक गेले की स्टाफरूमच्या काचा थरथरायच्या. सर मायक्रोप्रोसेसर शिकवायचे आणि मी संवाद कौशल्य. ते माझ्याहून पुष्कळ मोठे होते, पण नोकरीच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच पायरीवर होतो: तासिका तत्त्वावर. ज्या व्यवस्थेत माणसाला तासाच्या हिशेबानं बोलवायचं, सुट्टीत विसरायचं आणि जूनमध्ये पुन्हा रांगेत उभं करायचं, तिच्या नावात 'तत्त्व' हा शब्द घालण्याचा निलाजरेपणा ज्या कुणाला सुचला, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

हे मी असं लिहिते याला कारण आहे. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं छापली जायची. हमालांची, वसतिगृहातल्या पोरांची, पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्या बायकांची. मी अक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली. 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचा.

सर याच्या अगदी उलटे. त्यांचा आवडता शब्द एकच होता: कायकू. ते मुरुमचे. घरी दख्खनी बोलत, कॉलेजात मराठी, आणि सीमेकडच्या पोरांशी कन्नड. पण कुठल्याही भाषेत बोलत असले तरी प्रश्न विचारायची वेळ आली की 'कायकू' बाहेर पडायचं. समोरच्या वस्तूवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे कायकू? त्यांच्या सायकलला घंटी नव्हती, मागचा मडगार्ड नव्हता, चेनकव्हर नव्हतं. एकेक काढून बघितलं होतं आणि सायकल तरीही चालत होती. मडगार्ड नसल्यामुळं पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटायची. मी एकदा ती दाखवली तर म्हणाले, "पाठ मला थोडीच दिसते, म्याडम." चहाच्या कपाखाली बशी घेत नसत. सहीत नुसतं एक अक्षर आणि एक टिंब. स्टाफरूममध्ये कुणी गुड मॉर्निंग म्हटलं तर एक बोट वर करायचे. पोरं त्यांची नक्कल करत, आणि ते ती नक्कल दारात उभं राहून शांतपणे बघत. एकदा नक्कल करणाऱ्या पोराला त्यांनी सांगितलं की तू मान हलवतोस ती कायकू, मी हलवत न्हाय.

वर्गातल्या पोरांनी त्यांचं नाव 'जागल्या' ठेवलं होतं. आमच्याकडं पिकाची राखण करायला रात्री शेतात जातात, त्याला जागल म्हणतात आणि जाणाऱ्याला जागल्या. सर शेतावर कधी गेले नव्हते. ते नाव पडलं त्यांच्या दुसऱ्या कामामुळं, कारण त्यासाठी ते रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये जागत बसत. त्या कामाचे त्यांना कुणी पैसे देत नव्हतं आणि ते नेमकं काय आहे हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत झालं ते केवळ माझ्या इंग्रजीमुळं.

जगभरातले लोक मिळून चालवतात अशी एक संगणकप्रणाली आहे. तिचा सगळा कोड उघडा असतो. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. त्यातला एक लहानसा तुकडा झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवायचं काम करतो. तो असेंब्लीत लिहिलेला आहे, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, जिथं एका ओळीत एकच हुकूम असतो. अनेक वर्षांत अनेक हातांनी त्यात ओळी घातल्या होत्या. कुणी घाईत, कुणी भीतीपोटी, कुणी आधीच्यानं घातली म्हणून. काढायची हिंमत कुणी करत नव्हतं, कारण उठवणारा कोड बिघडला तर मशीन उठतच नाही, आणि न उठलेलं मशीन काय बिघडलं ते सांगू शकत नाही. सर तो तुकडा सोपा करत होते. एकेक ओळ घ्यायची, कायकू विचारायचं, काढायची, मशीन झोपवायचं, उठवायचं. उठलं तर ओळ नको होती.

"म्याडम, जरा तुमची इंग्रजी द्या," असं म्हणत ते पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आले तेव्हा मला वाटलं रजेचा अर्ज असेल. निघाला तो परदेशातल्या एका माणसाला लिहायचा मेल. कोडच्या त्या भागाची राखण तो माणूस करायचा, आलेल्या दुरुस्त्या तपासून आत घ्यायचा. सर मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे, मग सर त्यातले निम्मे शब्द खोडायचे. पुढं प्रत्येक मेलमध्ये माझा पत्ताही ते जोडायला लागले. तिकडून आलेलं उत्तर मला समजावून सांगता यावं म्हणून त्यांनी मला ते सगळं प्रकरण शिकवलं.

मला आठवतं ते असं. झोपेतून उठल्या उठल्या मशीनला वाटतं की आपण फार जुन्या काळचं, अगदी थोडी अक्कल असलेलं मशीन आहोत. कालपर्यंत काय काय करत होतो, केवढी आठवण बाळगून होतो, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. उठवणारा कोड त्याला पायरी पायरीनं सांगतो की बाबा रे, तू आता मोठा झालायस. हे सांगताना सर पहिल्यांदा हसले.

"आपलंबी जूनमधी तसंच न्हाय का?"

तासिकावाल्यांना दरवर्षी मे महिन्यात मोकळं करतात. त्याला टेक्निकल ब्रेक म्हणतात. जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी ऑर्डर. आदल्या वर्षापर्यंत शिकवत होतो याचा कागदोपत्री पत्ता नसतो. सरांची मुलाखत घेणाऱ्यांत एकदा त्यांचाच विद्यार्थी होता. त्यानं विचारलं होतं, अनुभव? सरांनी उत्तर दिलं होतं, "तू." हे ऐकून मी खूप हसले होते आणि मग घरी गेल्यावर मला संताप आला होता.

सरांचं हे काम चालायचं ते आमच्या जुन्या लॅबमध्ये. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी नवी मशीनं आल्यावर दान केलेले कॉम्प्युटर तिथं होते. एकासारखं दुसरं नाही. प्राचार्य त्या लॅबला पाहुण्यांपासून लपवायचे, पण सरांच्या लेखी ती दौलत होती. परदेशातल्या त्या राखणदारानं एकदा विचारलं होतं की इतक्या वेगवेगळ्या जुन्या मशीनवर तुम्ही तपासता कसं, अशी प्रयोगशाळा तुम्हाला कुणी दिली. सरांनी मला सांगितलं, लिहा, भंगारानं दिली. मी ते 'देणग्यांतून उभी राहिली' असं लिहिलं आणि त्यांनी ते खोडलं.

उठताना पडदा काळाच असतो, त्या अंधारात मशीन कुठवर पोचलं हे कळावं म्हणून त्यांनी कोडमध्ये तीन ठिकाणी शिट्टी घातली होती. पहिली शिट्टी म्हणजे डोळे उघडले, दुसरी म्हणजे उठून बसलं, तिसरी म्हणजे पायांवर उभं राहिलं. जुन्या लॅबमधून दिवसभर असं टुक टुक ऐकू यायचं. सर मशीनच्या कॅबिनेटला कान लावून बसलेले असायचे. शिवलीला म्हणून एक मुलगी होती, सीमेपलीकडून बसनं यायची, घरी कन्नड, मराठी अडखळत, इंग्रजीचं तर नावच नको. ती वर्गात तोंड उघडत नसे. सरांनी एकदा तिला कॅबिनेटजवळ बोलावून विचारलं, सकाळी तुझी आई तुला काय म्हणते? ती हळूच म्हणाली, "एळु." म्हणजे कन्नडमध्ये, ऊठ. सर म्हणाले, बस, हा कोड एवढंच म्हणतो, फक्त त्याला जरा जास्त ओळी लागतात. त्या दिवसानंतर ती पोरगी असेंब्ली लिहायला लागली. मार्क बेताचेच पडत, पण ती यायची. आणि नाही आली तर सर रिकाम्या बाकाकडं बघून तिचं नाव घ्यायचे.

आता त्या उडीबद्दल सांगते.

त्या कोडमध्ये एक ओळ होती जिचा अर्थ होता: पुढच्या ओळीवर उडी मार. उडी न मारताही मशीन पुढच्याच ओळीवर जाणार होतं. दार उघडं असताना दारातूनच जायचा हुकूम द्यावा तशी ती ओळ. सरांनी तिच्यावर बोट ठेवून कायकू विचारलं, मलाही ती निव्वळ वेडगळ वाटली, आणि त्यांनी ती काढली. लॅबमधली सगळी मशीनं उठली. एक सोडून.

ते एक म्हणजे एक पिवळट पडलेलं, बसकं मशीन. पोरं त्याला म्हातारं म्हणायची. ज्या कंपनीची चिप त्यात होती ती कंपनीही कधीच बंद पडली होती. म्हाताऱ्यानं एक शिट्टी दिली आणि गप्प झालं. सरांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं. एक शिट्टी, गप्प. आठवडाभर ते त्याच्यापाशी बसून होते. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं की बाकी सगळी उठतात ना, मग या एकाचं काय घेऊन बसलात. मी म्हटलंच होतं. सर म्हणाले, "म्याडम, ते उठत व्हतं. मी हात लावायच्या आधी उठत व्हतं."

शेवटी त्यांनी ती उडी परत घातली. टुक, टुक, टुक. म्हातारं उभं राहिलं.

कारण त्यांनी मला फळ्यावर काढून समजावलं. काही जुन्या चिपा घाईच्या असतात. एक ओळ करता करता पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतात. पण मध्येच मशीनची रीत बदलते, लहानाचं मोठं होतं, आणि जुन्या रीतीनं वाचून ठेवलेल्या त्या ओळी नव्या रीतीत चुकीच्या ठरतात. उडी मारली की चिप वाचलेलं सगळं टाकून देते आणि पुढची ओळ नव्यानं वाचते. उडी कुठं जाण्यासाठी नसते, वाचलेलं विसरण्यासाठी असते. सर खडू हातात घेऊन बराच वेळ तसेच उभे होते. त्यांना इतक्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

राखणदारानं विचारलं की असलं मशीन अजून कुणी वापरतं का. सर म्हणाले, लिहा, हौ, आम्ही वापरतो. मग त्यानं सुचवलं की ओळ राहू द्या, पण ती का आहे याची टीप वर लिहा, म्हणजे पुढचं कुणी चुकून काढणार नाही. सरांनी टीप सांगितली: "काढू नका. एका मशीनला लागते." मी इंग्रजी करताना पुढं 'कृपया' घातलं. त्यावर सरांचं बोट आलं. "प्लीज कायकू?" ते खोडलं गेलं. ती टीप तशीच जगभर गेली. उमरग्यातल्या एका पिवळट मशीनसाठी लिहिलेली ओळ कुठल्या कुठल्या देशांतल्या कॉम्प्युटरमध्ये बसली होती, आणि आमच्या प्राचार्यांना ते मशीन पाहुण्यांना दिसू नये याची काळजी होती.

त्या वर्षाच्या शेवटी दोन गोष्टी बरोबरच आल्या. नव्या अभ्यासक्रमात मायक्रोप्रोसेसर हा विषय उरला नाही. आणि तपासणी समिती येणार म्हणून जुनी लॅब मोडायचं ठरलं. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. वस्तू आहे, समोर दिसते, पण लेखी नाही. मला हा शब्द सहन होत नाही, कारण वस्तूंपुरता तो कधीच थांबत नाही. विषय गेला म्हणजे सरांचा वर्कलोड गेला, आणि वर्कलोड नाही म्हणजे जूनमध्ये ऑर्डर नाही. हे प्राचार्यांनी त्यांना चहा पाजून सांगितलं. मुलाखतीला या मात्र, म्हणाले, अण्णांच्या मनात आलं तर दुसरा एखादा विषय देतील. अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष.

सरांनी एकच गोष्ट मागितली. ते पिवळट मशीन राहू द्या. कुठल्याही कोपऱ्यात चालेल. स्टोअरवाले मामा भले माणूस होते, पण ते म्हणाले, "सर, सगळ्याचा मिळून ठराव झालाय. एक ठेवलं तर मला विचारत्याल, हेच का ठेवलं. काय सांगू?" सरांना यावर सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी दोन वाक्यं सांगितलीही. मामांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि टेम्पो आला. बाकीची मशीनं हमालांनी टाकली. म्हातारं सरांनी स्वतः उचलून नेऊन ठेवलं, वायर नीट गुंडाळून. मी म्हटलं, वायर कशाला गुंडाळताय, भंगारातच तर चाललंय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कायकू मी विचारत होते.

मी गप्प बसणारी नव्हते. पत्रक लिहिलं. दोन्ही बाजू भरून. शोषण, षड्‌यंत्र, शिक्षणसम्राट, ज्ञानाची कत्तल, सगळं होतं त्यात, आणि आजही मला त्यातला एक शब्दही खोटा वाटत नाही. छापायच्या आधी सरांना वाचायला दिलं. त्यांनी पेन्सिल काढली. 'निर्लज्ज' शब्दाखाली रेघ: कायकू? 'गेली कित्येक वर्षं अविरत': कायकू? 'विद्यार्थ्यांचे लाडके': कायकू? मी प्रत्येकाला उत्तर दिलं, भांडले, पण त्यांची पेन्सिल थांबेना. शेवटी कागदावर एक वाक्य उरलं. आम्ही इथं शिकवतो.

"हे पत्रक न्हाय सर, ही पाटी झाली," मी म्हटलं.

"मग पाटीच लावा. पाटी कुणी फाडत न्हाय."

मी पाटी लावली नाही. माझं पत्रक माझ्या शब्दांत छापलं, बसस्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या फाटकावर वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. बाकीच्या तासिकावाल्यांनी फाटकाच्या आतून वाचलं. मुलाखतीच्या दिवशी माझ्याबरोबर फाटकावर उभं राहायला कुणी आलं नाही. प्रत्येकाची त्याच दिवशी मुलाखत होती. माझीही होतीच.

सरांच्या मागचा नंबर माझा होता, म्हणून मी दाराशीच बसले होते. आत पंखा मोठा आवाज करत होता म्हणून दार उघडं ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञानं विचारलं, संशोधन काय. सरांनी सांगितलं, कॉम्प्युटरला झोपेतून उठवणारा कोड सोपा केला. तज्ज्ञ म्हणाला, म्हणजे नवीन काय लिहिलंत? सर म्हणाले, लिहिलं न्हाय, काढलं. आत थोडं हसू झालं. तज्ज्ञाला खरोखरच समजेना. काढलेल्याचे गुण कुठल्या रकान्यात द्यायचे, असं त्यानं प्राचार्यांना विचारलं. मग अण्णांनी आस्थेनं विचारलं, आणि ती आस्था खोटी नव्हती असंच मला वाटतं, की सर, कुठली ओळ नको हे तुम्हाला कळतं कसं?

सरांनी खरं ते सांगितलं. काढून बघतो. मशीन उठलं तर ओळ नको होती.

अण्णा खुर्चीत मागं रेलले. "झक्कास. मग आपणबी तसंच करू की, सर. एक सत्र तुम्हाला काढून बघू. कॉलेज चाललं तर चाललं. न्हाय चाललं तर गाडी पाठवून बोलावतो."

या खेपेला सगळेच हसले. मला आत जाऊन टेबल उलथावंसं वाटलं. सरांचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, तिच्यावर सायकलच्या चिखलाची वाळलेली रेघ. ते म्हणाले, "हौ. बराबर आहे." आणि उठून बाहेर आले. माझ्याकडं बघून एक बोट वर केलं आणि पायऱ्या उतरले.

मी माझी मुलाखत दिली नाही. त्यांच्या मागं गेले. बसस्टँडवर ते मुरुमच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते, सायकल कॉलेजातच सोडून. मी त्यांना बोलले. इतकं की आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी म्हटलं, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. काढून बघतो एवढंच सांगितलंत. एक मशीन उठलं नाही म्हणून ओळ परत घातली, हे का नाही सांगितलं? तीच तर तुमची सगळी पद्धत आहे. आत चला. आत्ता चला आणि हे त्यांना सांगा.

सरांनी मला शेजारी बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"म्याडम," ते म्हणाले, "एक मशीन उठलं न्हाय, हे कळायला ते मशीन पायजे. ते त्यांनी आधीच भंगारात घातलं. आता काय बी काढा. सगळं उठतंय."

मुरुमची गाडी लागली. ते चढले आणि खिडकीशी बसले. गाडी निघेपर्यंत मी खाली उभी होते.

कॉलेज चाललं. याचं मला आजही दुःख वाटतं, पण ते चाललं. जुन्या लॅबच्या जागी काचेच्या दाराची नवी लॅब झाली, सगळी मशीनं एका दिवशी आलेली, एका रंगाची. समितीनं चांगला शेरा दिला. हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र बसलं. जो अंगठा लावतो त्याचंच नाव ते यंत्र सांगतं. दिवाळीनंतर शिवलीला यायची बंद झाली. कुणी म्हणालं तिच्या गावची बस बंद झाली, कुणी म्हणालं लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात तिचं नाव पटावरून कमी केलं आणि पट पुन्हा पूर्ण दिसायला लागला. हे मला स्टोअरवाल्या मामांनी बाजारात सांगितलं.

सरांना मी त्यानंतर एकदाच भेटले. निमित्त त्या उडीचंच झालं.

परदेशातून मेल आला होता, सरांना आणि मला दोघांनाही. जुना राखणदार ते काम सोडून गेला होता, कुणी तरुण त्या जागी आला होता. त्यानं नम्रपणे लिहिलं होतं की हा कोड वाचताना एक ओळ दिसली, पुढच्याच ओळीवर उडी मारणारी. वर टीप आहे की एका मशीनला लागते. असं मशीन आता कुणाकडं असेल असं वाटत नाही. आपल्याकडं ते अजून असेल तर कृपा करून तपासून सांगाल का? उत्तर आलं नाही तर आठवड्याअखेर ही ओळ काढून टाकेन.

सर मेल उघडत नव्हते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मुरुमला गेले. बाजारात त्यांच्या भावाचं चपलांचं दुकान आहे. सर गल्ल्यापाशी नव्हते, आत खोक्यांच्या रांगांमध्ये स्टुलावर बसून चपलांच्या जोड्यांतले गोळा करून कोंबलेले कागद काढत होते. मला बघून एक बोट वर केलं. भावानं चहा मागवला. मी मोबाइलवर मेल उघडून समोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पोरगा चांगला दिसतोय," ते म्हणाले. "विचारून काढतोय."

मी म्हटलं, सर, नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलंत तर ती ओळ राहील. तुमच्या नावाला तिथं वजन आहे.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "मशीन कुठाय? मशीन न्हाय तर ओळ कायकू?" मग म्हणाले, "लिहा म्याडम. माझी हरकत न्हाय."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि सरांच्या भावानं त्यांना आठ नंबर काढायला सांगितला. ते स्टुलावरून उठले, रांगेच्या शेवटाला गेले, खोकं घेऊन आले. मी तोवर इंग्रजीत ते एवढंसं वाक्य टाइप केलं होतं. पाठवलं नाही. उमरग्याला परत येताना बसमध्ये मी तेच उघडून बघत राहिले. आयुष्यभर पत्रकांत 'आमचा तीव्र विरोध आहे' लिहीत आलेल्या बाईला 'हरकत नाही' ही अक्षरं पाठवता येईनात. आणि विरोध लिहायचा तर त्याला आधार म्हणून दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

मी काहीच उत्तर दिलं नाही. आठवडा संपला तसं त्या तरुणानं ठरल्याप्रमाणं ओळ काढली. त्याबद्दल सगळ्यांना गेलेला मेल माझ्याकडंही आला. त्यात लिहिलं होतं की उपलब्ध सर्व मशीनवर तपासलं, सर्व व्यवस्थित उठतात, कुणाचीही तक्रार नाही. खाली काय काढलं ते दाखवलं होतं. दोन ओळी होत्या, दोन्हींच्या सुरुवातीला वजाचं चिन्ह. एक ती उडी. आणि तिच्या वर, मी केलेल्या इंग्रजीत, कृपया न घातलेली टीप: काढू नका. एका मशीनला लागते.